तुंबलेली गटारलाइन आणि ड्रम मशीन : माणूस खाली न उतरवता काम कसे करावे?

शहरात इमारतींचे मजले वाढले, घरटी शौचालये आणि मोऱ्या वाढल्या. पण जमिनीखालून जाणारी सांडपाण्याची लाइन मात्र अनेक ठिकाणी जुनीच राहिली. चार किंवा सहा इंची पाइप, त्यात वरून पडणारे तेल, चरबी, केस, चिंध्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि सांध्यांतून आत शिरलेली झाडांची मुळे. मग एखाद्या सकाळी तळमजल्यावरच्या मोरीतून काळे पाणी उलटे वर येते आणि सोसायटीच्या सेक्रेटरीची धावपळ सुरू होते. वर्षानुवर्षे यावर दोनच उपाय लोकांना ठाऊक होते. एक म्हणजे बांबूच्या लांब कामट्या लाइनमध्ये ढकलणे आणि दुसरा म्हणजे चेंबरमध्ये माणूस उतरवणे. पहिल्या उपायाने काम अर्धवट होते. दुसऱ्याने माणूस जातो.

तिसरा उपाय म्हणजे विजेवर चालणारे ड्रम मशीन. प्लंबिंगच्या धंद्यात असलेल्या आणि या धंद्यात उतरू पाहणाऱ्या तरुणांसाठी या यंत्राची माहिती आम्ही येथे देत आहोत. एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट करतो. हे यंत्र घेण्याचा पहिला हेतू वेळ वाचवणे हा नाही. माणूस जमिनीच्या वर ठेवणे हा आहे. एवढे सूत्र सुटले तर महागडे यंत्र घेऊनही धंदा धोक्याचाच राहील.

माणूस का उतरवायचा नाही?

साचलेला मैला कुजतो तेव्हा त्यातून हायड्रोजन सल्फाइड, मिथेन, कार्बन डायऑक्साइड असे वायू निघतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो. वास आला की सावध होऊ, असे पुष्कळ कामगार समजतात. पण हा समज प्राणघातक आहे. हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे १०० भाग झाला की नाकच बधिर होते आणि वास येणे थांबते. प्रमाण ५०० च्या पुढे गेले की माणूस काही मिनिटांत बेशुद्ध होऊ शकतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचून राहतो. मिथेन हलका असतो, पण हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असताना ठिणगी पडली तर स्फोट होतो. साध्या हवेत २०.९ टक्के प्राणवायू असतो, तो १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की ती जागा श्वास घेण्यास सुरक्षित मानली जात नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. वरून शांत दिसणारा गाळ पायाने किंवा फावड्याने ढवळला की त्यात कोंडलेला वायू एकदम बाहेर पडतो. म्हणूनच पहिला माणूस आत कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही कोसळतो. अशा बातम्यांत एकाऐवजी दोन-तीन नावे असतात, त्याचे कारण हेच आहे. तोंडाला बांधलेला रुमाल या वायूपुढे काहीही काम करत नाही.

कायदा काय म्हणतो?

हे काम पिढ्यान्पिढ्या ठरावीक जातींच्या माथी मारले गेले. १९९३ मध्ये पहिला बंदी कायदा झाला, पण त्याचा रोख मुख्यतः कोरड्या संडासांवर होता. २०१३ च्या कायद्याने गटार व सेप्टिक टँकची धोकादायक सफाई माणसाकडून करून घेण्यास बंदी घातली. ही बंदी केवळ नगरपालिकांना नाही. ठेकेदार, सोसायटी, घरमालक, कोणीही प्रत्यक्ष वा आडमार्गाने माणूस अशा कामाला लावू शकत नाही. पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही; पुन्हा गुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे.

१९९३ पासून गटारात मरण पावलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाख करण्यात आली आणि कायमचे अपंगत्व आल्यास किमान वीस लाख ठरवण्यात आले. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने मुंबईसह सहा महानगरांत हाताने होणारी गटारसफाई बंद करण्याचा आदेश दिला. तेव्हा "एक माणूस उतरवा, दहा मिनिटांचे काम आहे" असे सांगणारा गिऱ्हाईक स्वस्तात काम मागत नाही. तो तुम्हाला तुरुंगाच्या दारात उभे करत असतो.

यंत्र कसे असते?

१९३३ साली अमेरिकेच्या आयोवा राज्यातील सॅम्युअल ब्लँक यांनी कपडे धुण्याच्या यंत्राची मोटार आणि पोलादी केबल यांची जोडणी करून लाइनमधील मुळे कापणारे यंत्र तयार केले. आजचे ड्रम मशीन त्याच तत्त्वावर चालते. चाके लावलेल्या सांगाड्यावर एक ड्रम असतो. त्यात स्प्रिंगसारखी वळलेली पोलादी केबल गुंडाळलेली असते. मोटार ड्रमला फिरवते, ड्रमबरोबर केबल फिरते आणि केबलच्या टोकाला बसवलेले पाते अडथळा कापते. मोठ्या यंत्रांचा वेग मिनिटाला साधारण २०० फेऱ्यांचा असतो. म्हणजे वेग फार नाही, पण पीळ जबरदस्त असतो.

मोरी व बेसिनच्या दीड-दोन इंची पाइपला बारीक केबलचे छोटे यंत्र पुरते. इमारतीच्या चार व सहा इंची लाइनला पाच-अष्टमांश किंवा पाऊण इंच जाडीची, ७५ ते १०० फूट लांबीची केबल लागते. बारीक केबल मोठ्या पाइपात घालू नये. ती आत दुमडते आणि तिला गाठ बसते.

टोकाची पातीही वेगवेगळी असतात. सुरुवातीला नेहमी गिरमिटासारखे टोक लावावे. ते तुंब्याला भोक पाडते आणि आत काय आहे याचा नमुनाही घेऊन येते. चिंध्या निघाल्या तर त्या ओढून काढणारे आकड्याचे टोक, चरबी असेल तर इंग्रजी 'सी' अक्षरासारखे खरवडणारे पाते आणि मुळे असतील तर दातेरी पाते लावावे. पाते पाइपच्या व्यासापेक्षा निदान एक इंच लहान असावे.

सगळा धोका केबलमध्ये

ओली चादर दोन टोकांना धरून पिळत गेलो तर एका क्षणी ती मध्येच उसळून वेटोळे घालते. केबलचेही असेच होते. आत पाते अडकले आणि मोटार चालूच राहिली, तर टोक थांबलेले आणि ड्रम फिरणारा. मधल्या केबलमध्ये पीळ साठत जातो. तो पीळ मोकळा व्हायला जागा शोधतो आणि यंत्र व पाइपचे तोंड यांच्यामध्ये जी उघडी केबल असते, तेथेच वेटोळे पडते. त्या वेटोळ्यात चालवणाऱ्याचा हात असतो. बोटे तुटणे, मनगट मोडणे हे अपघात असे होतात.

यावरून तीन नियम निघतात. पहिला, यंत्र पाइपच्या तोंडापासून तीन फुटांच्या आत ठेवावे, म्हणजे उघडी केबल कमीत कमी राहील. चेंबर खोल असेल आणि यंत्र इतके जवळ नेता येत नसेल, तर जाड पाइप व बेंड जोडून तोंड वर आणावे आणि केबल त्यातून सोडावी. त्यासाठी कोणी खाली उतरायचे नाही. पाइप वरूनच लांब दांड्याने बसवावा. बसत नसेल तर दुसऱ्या चेंबरमधून काम करावे. दुसरा नियम, यंत्र पायाच्या दाबाने चालणारे असावे. पाय उचलला की मोटार थांबली पाहिजे. हात केबलवर आणि पाय पेडलवर, दोन्ही एकाच माणसाचे. "तू बटन दाब, मी केबल धरतो" ही पद्धत अत्यंत चुकीची आहे. तिसरा नियम, केबल कधीही जोराने रेटायची नाही. पाते स्वतःच्या गतीने कापते. माणसाने फक्त त्याला वाट द्यायची असते.

काम सुरू करण्यापूर्वी

आधी तुंबा कोठे आहे ते ओळखावे. एक चेंबर भरलेले आणि उताराकडचे पुढचे चेंबर कोरडे असेल, तर अडथळा त्या दोहोंच्या मध्ये आहे. झाकणे आकड्याने उचलावीत आणि बराच वेळ उघडी ठेवून वारा लागू द्यावा. त्यावर वाकून पाहू नये. जवळपास बिडी, काडी, दिवा काहीही नको. भोवती दोरी किंवा अडसर लावावा. उघड्या चेंबरमध्ये पोरे पडण्याचे प्रकार आपल्या वस्त्यांत कमी नाहीत.

गिऱ्हाइकाला एक प्रश्न आवर्जून विचारावा: लाइनमध्ये ॲसिड किंवा नळी साफ करण्याची पावडर टाकली आहे काय? टाकली असेल तर त्या दिवशी यंत्र लावू नये; फिरणारी केबल ते पाणी तोंडावर उडवते.

वीज आणि पाणी एकत्र येते तेथे हयगय चालत नाही. प्लग तीन पिनांचा आणि अर्थिंग असलेला हवा. ३० मिलिअँपियरचा आर.सी.सी.बी. लावल्याशिवाय यंत्र जोडू नये. बाहेरच्या कामाला तो स्वतःच्या बोर्डवर घेऊन जावा. एक्स्टेन्शन वायर जाड आणि सलग असावी. जोड देऊन चिकटपट्टी मारलेली वायर पाण्यातून ओढत नेणे म्हणजे संकटाला आमंत्रण. पेडल दोन-चार वेळा दाबून ते लगेच सुटते ना, हे पाहावे. केबल कोठे मुडपली असेल तर तेवढा भाग बाद करावा.

हातमोजे चामड्याचे, या कामासाठीचेच हवेत. कापडी मोजे किंवा हातात धरलेले फडके केबलमध्ये गुंडाळले जाते आणि हात ओढून नेते. नुसते रबरी मोजेही वरून नकोत. मैल्याचा संसर्ग टाळण्यासाठी ते चामड्याच्या मोज्यांच्या आत घालावेत. डोळ्यांना चष्मा, पायात रबरी तळाचे बूट. मफलर, सैल बाह्या, हातातील कडे, गळ्यातील लोंबता ताईत हे सर्व कामापुरते उतरवून ठेवावे.

यंत्र चालवताना

मोटार बंद ठेवून केबल हाताने पाइपात शक्य तितकी आत सरकवावी. निदान फूटभर तरी पाते पाइपात गेलेले हवे. पाते उघड्यावर फिरले तर ते चाबकासारखे फटकारते. मग पेडल दाबून एका वेळी सहा ते दहा इंच केबल द्यावी. शक्य असेल तर वरून थोडे पाणी सोडत राहावे. कापलेला मळ वाहून जातो आणि केबल धुतली जाते. केबलवर दर दहा फुटांवर रंगीत खूण असावी, म्हणजे किती आत गेलो ते कळते. इमारतीची लाइन संपून केबल रस्त्याखालच्या मोठ्या लाइनमध्ये गेली तर ती तेथे उलटते आणि मागे ओढता येत नाही.

अडथळा लागला की हाताला कळते. ड्रमचा आवाज जड होतो, केबल हातात वळवळू लागते. तेथे जोर करू नये. केबल थोडी मागे घ्यावी, पात्याला पुन्हा गती येऊ द्यावी आणि परत हळूच पुढे द्यावी. पुढे-मागे करीतच तुंबा खायचा असतो. पाणी एकदम खळखळून सुटले की बाजूला राहावे. त्याबरोबर कोंडलेला वायूही येतो. पाणी सुटले म्हणजे काम झाले असे नव्हे. भोक पडले आहे, पाइप साफ झालेला नाही. पाते बदलून आणखी दोन-तीन फेऱ्या केल्या नाहीत, तर पुढच्याच महिन्यात तेच गिऱ्हाईक तक्रार घेऊन येते.

केबल परत घेताना मोटार पुढच्याच दिशेने फिरती ठेवावी. उलट फिरवल्यास केबलचे वेढे सैल होतात आणि ती खराब होते. पाते तोंडाजवळ आले की मोटार बंद करून शेवटचा भाग हाताने ओढावा.

केबल अडकली तर?

कसोटीची वेळ हीच. पाते थांबले की त्याच क्षणी पाय उचलावा. केबलमध्ये पीळ आहे हे लक्षात ठेवून, मोटार बंद ठेवूनच हलके झटके देऊन ती सोडवून पाहावी. न सुटल्यास उलट दिशेचे बटन लावून फक्त काही सेकंद यंत्र फिरवावे. पाते सुटताच ड्रम पूर्ण थांबू द्यावा आणि मग पुन्हा पुढची दिशा लावावी. उलट दिशेचा उपयोग एवढाच.

तरीही सुटली नाही तर? केबल महाग असते, मालक डोक्यावर उभा असतो, संध्याकाळ झालेली असते. अशा वेळी कोणीतरी म्हणते, "मी उतरून हाताने काढतो." यंत्र असूनही माणसे दगावतात ती अशा क्षणी. आमचे सांगणे असे की, या प्रश्नाचे उत्तर काम घेण्याच्या आधीच ठरलेले असावे. केबल कापावी लागली तर कापावी, जमीन खोदून पाइप उघडावा लागला तर उघडावा. पण माणूस उतरणार नाही. केबल बाजारात मिळते.

यंत्राने काय होत नाही?

प्रामाणिक धंदेवाल्याने गिऱ्हाइकाला मर्यादा आधी सांगाव्यात. ड्रम मशीन वाळू आणि गाळ काढत नाही. त्यातून नुसते भोक पाडते. गाळासाठी जोराच्या पाण्याचे जेटिंग यंत्र लागते. सेप्टिक टँकचे काम शोषण-गाडीचे. टँकमध्ये केबल सोडली की तिला गाठी पडतात. पाइप खचला किंवा फुटला असेल तर कोणतेही यंत्र तो जोडत नाही. मूळचा उतारच चुकला असेल तरी तेच. चार इंची लाइनला चाळीस फुटांत एक फूट आणि सहा इंचीला साठ फुटांत एक फूट उतार असावा, हा जुना ठोकताळा आहे. मुळे कापली तरी सांधा उघडा राहतो आणि ती पुन्हा येतात. हॉटेले, खानावळी, मटणाची दुकाने यांच्या मोरीला चरबी अडवणारी टाकी नसेल, तर लाइन वारंवार तुंबणारच. गिऱ्हाइकाला हे सांगितल्याने पुढचे काम बुडते असे काहींना वाटते. आमच्या मते त्याच्या उलट घडते. खरे सांगणाऱ्याचाच नंबर लोक जपून ठेवतात.

धंदा म्हणून

हा धंदा एकट्याचा नाही. चालवणारा एक आणि प्लगजवळ लक्ष ठेवणारा एक, असे दोघे हवेतच. यंत्र घेण्यापूर्वी सुट्या केबल व पाती आपल्या शहरात मिळतात काय, विक्रेता प्रत्यक्ष चालवून शिकवतो काय, हे पाहावे. शक्य असल्यास आधी काही महिने अनुभवी माणसाबरोबर काम करावे. दर ठरवण्यापूर्वी चेंबर उघडून पाहावे. लाइनची लांबी, व्यास आणि जाण्याची वाट पाहून दर सांगावा. केबल अडकल्यास किंवा खोदाई लागल्यास खर्च कोणाचा, हे कागदावर लिहून घ्यावे. सोसायट्यांशी वार्षिक करार करून एप्रिल-मे महिन्यांत, पावसापूर्वी लाइन साफ करून देणे दोघांच्याही फायद्याचे असते. रस्त्याखालची महापालिकेची लाइन मात्र आपल्या अखत्यारीत नाही. तेथे तक्रार करायला लावावे, परस्पर हात घालू नये.

काम संपल्यावर केबल स्वच्छ पाण्याने धुऊन, ड्रममधील पाणी काढून, वाळवून तेल लावावे. गंजलेली केबल सर्वांत धोक्याची. ती आत तुटते. हात-पाय साबणाने धुतल्याशिवाय चहालाही स्पर्श करू नये. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो, कावीळ, धनुर्वात हे या कामाचे आजार आहेत. कामगारांना धनुर्वाताची लस टोचून घ्यावी, जखम उघडी ठेवू नये आणि कामगारांचा अपघात विमा उतरवावा. हा खर्च दरातच धरावा.

या कामातून माणसे मालक होऊ शकतात, याची उदाहरणे आहेत. हैदराबादच्या पाणीपुरवठा मंडळाने २०१७ मध्ये अरुंद गल्ल्यांत जाणारी ७० छोटी जेटिंग यंत्रे कामाला लावली. दिल्लीत २०१९ मध्ये अशीच २०० यंत्रे रस्त्यावर आली. पुण्यात स्थापन झालेल्या दलित उद्योजकांच्या 'डिक्की' या संघटनेचा दोन्ही ठिकाणी सहभाग होता, आणि यंत्रांची मालकी देण्यात आली ती या क्षेत्रातील कुटुंबांना. ज्यांना पूर्वी खाली उतरवले जात होते, त्यांच्याच हाती यंत्राची किल्ली आली. २०२३ पासून केंद्र सरकारच्या 'नमस्ते' योजनेतही सफाई कामगारांना यंत्रे घेण्यासाठी भांडवली अनुदानाची तरतूद आहे. पात्र तरुणांनी आपल्या नगरपालिकेत चौकशी करावी.

भिवंडी, मालेगाव यांसारख्या दाट वस्तीच्या गावांत, जेथे मोठी गाडी गल्लीत शिरत नाही, तेथे चाकांवर ढकलत नेता येणारे हे यंत्र फार उपयोगी पडू शकते. मोटार-रिवाइंडिंग, वेल्डिंग, प्लंबिंग जाणणारे हात आपल्याकडे आहेत. त्यांना एवढेच शिकायचे आहे की पाय केव्हा उचलायचा, केबल केव्हा मागे घ्यायची आणि कोणत्या कामाला सरळ नाही म्हणायचे. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, चेंबरच्या काठावर उभ्या असलेल्या आपल्या माणसाने संध्याकाळी धडधाकट घरी जावे, हा पहिला हिशेब. नफ्याचा हिशेब त्यानंतरचा.